सईची रेघ

माधवरावांना आणायला सत्यमनंच जायचं, हे निलेशनं आदल्या दिवशी जेवताना ठरवून टाकलं, आणि त्याच्या वडिलांना, सोपानआबांना, ते काही बरं वाटलं नाही. ज्या माणसाच्या हाती पोरगी सोपवायची की नाही यावरून घरात आठवडाभर धुसफूस चाललेली, त्याच माणसाला पोरीच्या बापानं आपल्या गाडीत बसवून घरी आणायचं. पण सत्यम थोरल्या भावापुढं कधी तोंड उघडत नसे. लोणावळ्यात पर्यटकांना फिरवताना त्याच्या तोंडाला खळ नसायची, आणि घराचा उंबरा ओलांडला की शब्द फुटायचा नाही. सकाळी त्यानं गाडी पुसली, तुंगार्लीचा पत्ता मोबाइलवर बघून घेतला आणि बायकोकडं न बघता निघून गेला.

बायको, सविता, मागच्या पडवीत पावटा सोलत होती. समोर सई बसलेली. सई सहा वर्षांची. शेंगा आईनं सोलायच्या आणि दाणे हिनं फरशीवर रांगेनं मांडायचे, असा त्यांचा खेळ चालला होता. तिच्या उजव्या कानामागं ऐकायचं मशीन होतं, त्यातून निघालेली बारीक वायर केसांतून वर जाऊन एका गोल चकतीला मिळत होती. कातडीखाली डॉक्टरांनी लोहचुंबक बसवलेलं, त्याला ती चकती चिकटून राहायची. कस्तुराबाई, म्हणजे सईची आजी, तिला बिल्ला म्हणायची. सकाळी उठल्याबरोबर तिचा पहिला सवाल हाच असायचा, "पोरीला बिल्ला लावला का गं?"

जूनपासून सईला कुठल्या शाळेत घालायचं, एवढाच प्रश्न होता. सविताचं म्हणणं, सृष्टीच्या शाळेत. सृष्टी ही निलेशची मुलगी, कामशेतच्या इंग्रजी शाळेत तिसरीला होती. दोघी बहिणी एकाच गाडीनं जातील, एकीचा दुसरीला आधार. निलेशचं म्हणणं, लोणावळ्याकडच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत. तिथंच राहायचं, सुट्टीला घरी यायचं. माधवरावांनी त्या शाळेत उभं आयुष्य शिकवलं होतं आणि निवृत्त झाले तरी नवी मुलं तेच बघून घेत. आज ते सईला बघायला येणार होते. घरातला शेवटचा शब्द आबांचा.

"आबा, तुमीच सांगा आता," निलेश पुढच्या ओट्यावर येऊन बसला. वराळ्याच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता आणि घरातही त्याचं बोलणं कामगारांच्या पाळ्या लावल्यासारखं असायचं. "इंग्रजी शाळंत धडधाकट पोरांना झेपंना. हिचं मराठी आईबिगर कुणाला कळत न्हाई. पोरं हसतील तिला."

"हसू द्यात की," आतून सविता म्हणाली. ती थोरल्या दिराशी थेट बोलत नसे, पण ऐकू जाईल अशा बेतानं बोलायची. "हसतील आन मंग गप बसतील. सृष्टी हाय की बरोबर."

"सृष्टीनं आपला अभ्यास करायचा का हिला सांभाळायची?" हे निलेशची बायको सारिका म्हणाली. ती भाकरीचं पीठ मळत होती. आजवर या भांडणात ती नवऱ्याच्याच बाजूनं उभी होती.

"ती ऐकत न्हाई, आबा," निलेश आवाज खाली आणून म्हणाला. "ओठ वाचती. मशीन लावलंय म्हनून आपल्या मनाचं समाधान. तुमाला ठावंय की."

आबांना ठाऊक होतं. भातकापणीच्या दिवसांत सई बांधावर खेळत होती, त्यांनी मागनं हाळी मारली. एकदा, दोनदा. पोरीनं मान वळवली नाही. ही गोष्ट त्यांनी एकट्या निलेशला सांगितली होती.

निलेशच्या बाजूनं आणखी एक गोष्ट होती आणि ती आबांना आत कुठंतरी टोचायची. आबांची थोरली बहीण भागुबाई जन्माची बहिरी. तिचं लग्न झालं नाही, ह्याच घरात राबली आणि ह्याच घरात गेली. निलेश तिच्याच काखेत वाढला. गावानं तिला कधी भागू म्हटलं नाही, मुकी म्हटलं. दहाव्याला भटजींनी नाव विचारलं तेव्हा नदीवर जमलेली भावकी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली, आणि मिसरूड फुटलेल्या निलेशनं रडत रडत ते नाव सांगितलं होतं.

"तिला तिच्यासारखी पोरं भेटतील," निलेश म्हणाला. "हातानं बोलायला शिकवत्यात तितं. आत्याला तसं एक मानूस जरी भेटलं आसतं ना, आबा…"

आबांनी मान हलवली. पोरगा दुष्टाव्यानं बोलत नव्हता, हे सगळ्यांत अवघड होतं.

गाडी आली. माधवराव उतरले. सडपातळ, पांढरा सदरा, पायांत साध्या चपला. घरात आल्यावर खुर्ची दिली तर ती बाजूला सारून ते सईसमोर फरशीवर मांडी घालून बसले. बोलणं शहरी, पण घाई नाही.

"मशीन कितव्या वर्षी बसवलं?"

"तिसरं सरत आलं तवा," सविता पदराला हात पुसत म्हणाली.

"रोज घालते?"

"उठल्यापासनं निजेपर्यंत. अंघोळीला तेवढं काढतो. पुण्याला अनघा मॅडम हायेत, त्यांच्याकडं दर आठवड्याला जातो. त्या जे शिकवतील त्येच घरी मी करून घेते."

"छान." माधवरावांनी सईकडं बघून हसत विचारलं, "काय गं, काय मांडलंयस?"

सई त्यांच्या ओठांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पाव-ता."

"बघा, ओठ," निलेश हळूच म्हणाला.

माधवरावांनी खिशातला कागद काढून तोंडापुढं धरला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सई, एक दाणा मला देतेस?"

सईनं कागदाकडं बघितलं. कागदाच्या वर दिसणाऱ्या डोळ्यांकडं बघितलं. मग सगळ्या घराकडं बघितलं. सगळे तिच्याकडंच टक लावून बसलेले. ती उठली आणि आईच्या पाठीमागं गेली.

"सई, दाणा," माधवराव पुन्हा म्हणाले. सविताच्या पदराआडून काही हललं नाही.

घरात असं शांत झालं की चुलीवरच्या आमटीचा रटरटाट सगळ्यांना ऐकू आला. निलेशनं 'बघितलंत?' असं विचारलं नाही. तो भिंतीकडं बघत होता आणि त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

"लाजली आसंल," कस्तुराबाई म्हणाली. मग तिनंच पुन्हा म्हटलं, "परकं मानूस बगून लाजली."

"शक्य आहे," माधवराव म्हणाले. "एवढ्यावरून मी काहीच म्हणणार नाही."

जेवणं झाली. पावट्याची आमटी, इंद्रायणीचा भात, तव्यावरची भाकरी. माधवरावांनी तोंडभर कौतुक केलं. बाकी कुणाला चव लागली असेल असं वाटत नाही. हात धुऊन आबा ओट्याच्या दारात बसले, सुपारी कातरली आणि पानाचा डबा बंद करून म्हणाले, "निलेश म्हन्तो तसं करू. जूनला सईला लोनावळ्याला घालू."

सत्यम खाली मान घालून बसला. सवितानं ताटं एकावर एक रचली, उचलली आणि मागच्या दारानं मोरीकडं गेली. नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. आबांना तो आवाज जरा जास्तच वेळ ऐकू येत राहिला.

सृष्टीची दुसऱ्या दिवशी चाचणी होती. मोठ्यांचं काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती कोपऱ्यात आईचा मोबाइल घेऊन बसली होती. शाळेनं अभ्यासाला काही इंग्रजी शब्द दिले होते. मोबाइलमधली बाई एक शब्द म्हणायची, पडद्यावर दोन चित्रं यायची, बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. जमलं तर हिरवी खूण. चुकलं तर तांबडी फुली आणि बेडकानं डरावं तसा आवाज. बराच वेळ घरात बेडूकच ओरडत होता.

"पप्पा, ही शिप म्हणते का शीप?" सृष्टी रडकुंडीला आली होती.

"काय फरक हाय त्यात?"

"असं काय हो! एक जहाज आहे आणि एक मेंढी. जहाजाचा छोटा आवाज आणि मेंढीचा लांब. ऐका ना."

निलेशनं ऐकलं. "जहाज."

बेडूक ओरडला.

"आन हिकडं," सत्यम म्हणाला. सकाळपासून त्यानं काढलेला हा पहिला शब्द. "आख्खा दिस गाडीत इंग्रजी ऐकतो मी. लाव… मेंढी. मेंढीच हाय ही."

बेडूक ओरडला. सारिका फसकन हसली. तिनंही कान देऊन बघितलं आणि तीही चुकली. मग पुढचा शब्द आला तशी कस्तुराबाई पुढं सरकली. "फूल म्हनली बया. फूल तर मलाबी कळतं."

"आजी, इंग्रजीत फूल म्हणजे मूर्ख. आणि दुसरं फुल म्हणजे काठोकाठ भरलेलं. यातलं कुठलं म्हणाली?"

"भरल्यालं."

बेडूक. या खेपेला माधवरावसुद्धा मोकळेपणानं हसले. "आजीबाई, आपण सगळे एकाच नावेत. वहीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की आम्ही मास्तर तांबडी खूण करतो, पण बोलताना ते कोण पाळतं? दिवा आणि दीर, दोन्हीतली दी आपण सारखीच काढतो. लहानपणापासून कान त्या फरकाकडं जातच नाही. माझाही जात नाही."

"आबा, तुम्ही ऐका," सृष्टीनं मोबाइल त्यांच्या हातात दिला.

आबांना आपल्या कानांचा अभिमान होता. रेल्वेत ते कीमन होते. कान्ह्यापासून कामशेतापर्यंत रोज रुळाच्या कडेनं चालत जायचं, रुळाला आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत जायचं. चावी ढिली असली की आवाज बद्द यायचा. ते बाकीच्यांना कळायच्या आधी त्यांना कळायचं. त्यांनी मोबाइल कानाला लावला, डोळे बारीक केले. शिप. परत दाबलं. शिप. सृष्टी म्हणाली, "आबा, आता दुसरा शब्द होता." त्यांना दोन्ही एकच लागले, एका पिशवीतल्या दोन तांदळांसारखे.

त्यांनी मोबाइल परत केला. चुकलेलं माणूस जसं उगाच दुसरीकडं बघतं तसं त्यांनी मागच्या दाराकडं बघितलं. तिथं उंबऱ्याशी सई बसली होती, त्यांच्याकडं पाठ करून. दाण्यांची रांग पुन्हा मांडायला घेतली होती. मोबाइल बोलला, आणि सईच्या उजव्या हाताचं बोट फरशीवरून सरसर पुढं गेलं. एक लांब रेघ. मोबाइल पुन्हा बोलला. या वेळी बोटानं नुसती टिचकी मारली.

आबांना वाटलं, खेळतेय. मग बाई पुन्हा बोलली आणि बोट पुन्हा सरकलं, नेमकं शब्दाच्या मागोमाग.

"सृष्टे, थांब," आबा म्हणाले. "दाबू नगं. परत ऐकव."

"तेच ऐकवू?"

"व्हय."

शब्द आला. सईच्या बोटानं टिचकी मारली.

"छोटा आवाज कशाचा म्हनलीस?"

"जहाजाचा."

"मंग जहाजावर ठेव बोट."

हिरवी खूण आली. हे सईचं उत्तर आहे, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सृष्टीला वाटलं आबांना जमलं. "पुढचा," आबा म्हणाले. ते मोबाइलकडं बघतच नव्हते. सईचं बोट दाण्यांच्या कडेनं लांब गेलं. "लांब," आबा म्हणाले. हिरवी. "परत लांब." हिरवी. "आता टिचकी… छोटा." हिरवी.

"आबा, तुम्हाला येतंय!" सृष्टी ओरडली.

"मला न्हाई गं," आबा म्हणाले. त्यांनी नुसतं बोट केलं. "तिकडं बगा."

सगळ्यांनी माना वळवल्या. सत्यम उठायला लागला, तर माधवरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "तिच्याकडं कुणी जाऊ नका. मघाशी आपण सगळे तिच्या अंगावर गेलो होतो," ते कुजबुजले. सृष्टीकडून त्यांनी मोबाइल घेतला, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. नुसती फट राहिली. आतून बाईचा आवाज आला, जरा दबलेला.

फुल. टिचकी.

फूल. रेघ.

सृष्टी दाराच्या फटीशी उभी राहून सईच्या बोटावरून पडद्यावरचं चित्र दाबत होती आणि प्रत्येक वेळी हिरवी खूण आली की मान डोलवत होती. जिना चढताना लहान मूल एकेक पायरी जपून चढतं, तसं घर एकेका शब्दासरशी श्वास धरत होतं. मग एक शब्द आला आणि सईचं बोट हवेतच थांबलं. तिनं कपाळाला आठी घातली. डोकं दाराच्या बाजूला जरासं कललं. बिल्ल्याची बाजू पुढं झाली.

"प-रत," ती म्हणाली. कुणाकडंही न बघता, मोठ्या माणसासारखं.

आतून शब्द पुन्हा आला. रेघ.

सृष्टीनं मान डोलवली आणि तोंडावर हात दाबून धरला.

दार उघडून माधवराव बाहेर आले ते बोलता बोलता अडखळत होते. "मी… हे फार मुलांमध्ये बघितलंय असं म्हणणार नाही. वाक्य कळणं वेगळं. वाक्यात अंदाज बांधता येतो. इथं अंदाजाला जागाच नाही. दोन शब्दांत फरक कसला, तर एक आवाज किंचित ताणलेला. आणि भाषा परकी."

"आता सांगा," सारिका नवऱ्याकडं वळून म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मोबाइलला ओठ हाईत का?"

निलेश सईकडं बघत होता, जणू ही पोरगी आज पहिल्यांदाच त्याच्या घरात आली होती.

आबा उठले. सईला ओलांडून जाताना त्यांनी पाय फार जपून टाकला; दाणे हलू नयेत म्हणून, की आणखी कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर पडताना माणूस असाच पाय टाकतं.

मोरीवर सविता पाठमोरी बसून पातेलं घासत होती. घासून झालेलंच पुन्हा घासत होती.

"सविता."

"आबा, तुमी ठरवलंय ना. मी काय बोलायची न्हाई आता. फकस्त तिची कापडं मी भरनार, दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

"तसं न्हाई गं." आबा म्हणाले. "पोरगी ऐकती."

सवितानं नळ बंद केला. वळली नाही. तशीच म्हणाली, "मी आजपातूर दुसरं काय सांगत हुते, आबा?"

या बोलण्यात राग असता तर आबांना सोपं गेलं असतं. त्यात नुसता थकवा होता. ते मोरीच्या कठड्याला टेकले आणि घडलं ते सगळं त्यांनी तिला सांगितलं. बेडूक, आजीचं फूल, दाराची फट. सांगताना त्यांचं बोट आपोआप कठड्यावरून सरकत होतं आणि टिचक्या मारत होतं. सविता हात न पुसता ऐकत राहिली.

"रेघ आन टिचकी अनघा मॅडमनी शिकवलीया," ती म्हणाली. "मराठी आवाज झाले तसे इंग्रजीबी घेतले त्यांनी. मला सोताला त्यातला फरक कळत न्हाई. मॅडम मोबाइलवर आवाज पाठवत्यात, मी नुसती लावते. मी सईच्या तोंडाकडं बघून बरोबर का चूक ठरवते."

"तुला कळत न्हाई?"

"न्हाई ना. तिला मशीन लावलं तवा पयल्यांदा नुसता गलका ऐकू यायचा. वारं, भांडं, मानूस, सगळं एकच. दार वाजल्यालं निराळं आन आई म्हनल्यालं निराळं, हे सुद्धा तिला एकेक करून उचलावं लागलं. भाकरी एक शब्द. पानी एक शब्द. आबा एक शब्द. कुटला फुकट मिळाला न्हाई तिला. आपल्या कानात जलमापासनं आपोआप पडत गेलं, म्हनून आपुन लक्ष द्यायचं सोडलं. तिनं न्हाई सोडलं."

आबा हळूच म्हणाले, "कापनीला मी हाळी मारली हुती तिला. वळली न्हाई."

"गाडी चालली आसंल रुळावरनं. गाडीच्या धडधडीत मशीनला काय सुधरत न्हाई. लांबनं हाक मारल्यालीबी हरवती. शाळंत तिला पुढच्या बाकावर बसवावं लागंल, हे मी पैल्यापासनंच म्हन्ते."

गाडी चालली होती. आबांना आता ती दिसलीसुद्धा, बांधाच्या पलीकडून जाणारी लांबलचक मालगाडी. आयुष्य रुळावर काढलेल्या माणसाला ती गाडी इतकी सवयीची की तिचा आवाज होतो हेच त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

"चल आत," ते म्हणाले. "ती पुढच्याच बाकावर बसनार. सृष्टीच्या शाळंत."

सवितानं पदर डोळ्यांना लावला आणि मग, भानावर आल्यासारखी, त्याच पदरानं हात पुसले.

आत निलेश आणि माधवराव समोरासमोर बसले होते. सविता आल्याबरोबर निलेश जरा सावरून बसला.

"दादा, मी…" ती पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलायला गेली.

"थांब. मला ह्यांना एक इचारू दे," निलेश म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "मशीन काढल्यावर काय, सर? निजताना. अंघोळीला. बिघडलं तर?"

"तेव्हा ती बहिरीच असते," माधवराव म्हणाले. "तुम्ही जे म्हणत होता ते तिथं शंभर टक्के खरं आहे. आमच्या शाळेतली जागा मी दुसऱ्या मुलाला देईन, त्याला ती जास्त लागेल. पण हिला हाताची भाषाही येऊ दे. एक हात भरला म्हणून दुसरा रिकामा ठेवायचा नसतो. घरातल्या कुणीतरी आधी ती शिकायला हवी. मी रविवारी शिकवू शकेन."

"मी येतो," निलेश म्हणाला. विचार करायला त्याला क्षणसुद्धा लागला नाही. सत्यमनं भावाकडं बघितलं आणि म्हणाला, "मी सोडीन तुला, दादा. गाडी हायच."

कस्तुराबाईनं सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगितलं आणि स्वतः मात्र जागची हलली नाही. ती सईच्या डोक्यावरच्या चकतीकडं बघत होती. तिनं हात पुढं केला आणि चकतीला बोटाचं नुसतं टोक लावून ते बोट आपल्या कपाळाला टेकवलं.

चहा झाला. पुढच्या ओट्यावर माधवरावांच्या निघण्याची तयारी चालली. सारिका त्यांना पिशवीत तांदूळ घालून देत होती आणि ते नको नको म्हणत होते. दुपार कलून उन्हं आतपर्यंत आली होती. सई उंबऱ्याशी मोबाइल घेऊन बसली होती, कारण सृष्टीनं तो तिला आपणहून दिला होता. आबा तिच्याशेजारी जाऊन बसले.

सईनं त्यांच्याकडं बघितलं. मग मोबाइल दोघांच्या मधे ठेवला, त्यांचा खडबडीत हात उचलला, त्यातलं एक बोट सरळ केलं आणि फरशीवर टेकवून धरलं. तिच्या छोट्या बोटांची पकड घट्ट होती.

"ऐका, आ-बा."

शब्द आला. आबांनी टिचकी मारली. सईनं नकारार्थी मान हलवली. रागावून नाही, ज्यानं हजारदा चुकून बघितलंय त्याच्या शांतपणानं.

"परत," ती म्हणाली.

शब्द आला. आबांनी डोळे मिटले. लोखंडावर हातोडा पडल्यावर ते ज्याची वाट बघायचे तसलं यात काही नव्हतं. ही त्याहून बारीक गोष्ट होती. हिच्या आत कुठंतरी एक आवाज केसाएवढा लांब होता आणि ही एवढीशी पोरगी तिथं एकटी जाऊन आली होती. त्यांनी चाचपडत पुन्हा टिचकी मारली.

"परत."

शब्द आला. या वेळी, अगदी मधोमध, काहीतरी ताणलं गेल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं की नुसता भास, आबांना कळेना. त्यांचं बोट बोटभर पुढं सरकलं आणि थांबलं. सई काही बोलली नाही. ती पुढच्या शब्दासाठी वाकली.

"आबा, सर निघालेत," निलेश दारातून म्हणाला. "वाट बघत्यात. येता ना?"

आबांनी डोळे न उघडता दुसरा हात वर केला.

"गप रं जरा. ऐकू दे मला."